घासून न जाणारी काळी मान

एका आईने विचारलंय: "मुलगी १४ वर्षांची आहे. उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. दोन वर्षांपासून मान मागून काळी पडत चाललीय, आता काखाही. मानेवर बारीक चामखिळी आल्यात. पाहुणे म्हणतात, नीट अंघोळ करत नाही. लिंबू, बेसन, खायचा सोडा, सगळं लावून झालं. मांड्यांमध्ये खाज येते, त्याला मेडिकलमधून ट्यूब आणून लावते. खाण्याचा आणि या सगळ्याचा काही संबंध आहे का? आणि कुठलं क्रीम लावावं?"

ताई, आधी घासणं थांबवा. बाकीचं उत्तर लांब आहे, सवडीने वाचा. पण लिंबू आणि सोडा आजपासून बंद.

सोलापुरात पंचवीसेक वर्षं त्वचारोगांचा दवाखाना चालवतेय. अशा माना रोज येतात आणि त्यातल्या बऱ्याच घासून घासून सोललेल्या असतात. एका आईने तर टाचा घासायची वज्री मुलीच्या मानेवर चालवली होती. घासलं की त्वचा स्वतःला वाचवायला आणखी जाड होते, रंगही जास्त धरते. म्हणजे ज्या काळेपणासाठी घासायचं, तोच वाढतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग उठतात, ते वेगळेच. आणि एवढं करून पोरीच्या डोक्यात बसतं की आपण घाणेरड्या आहोत. ऐन एप्रिलमध्ये कॉलरची वरची गुंडी लावून बसलेल्या मुली पाहिल्यात मी.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा अकॅन्थोसिस निग्रिकन्स वाटतो. वाटतो एवढंच म्हणते, कारण मान मी पाहिलेली नाही. घरी ओळखायची खूण अशी: बोट फिरवलं तर त्वचा मखमलीसारखी, किंचित जाडसर लागते, वळ्या ठळक दिसतात आणि काळेपणाला नेमकी कड नसते, तो हळूहळू विरत जातो. मानेची मागची बाजू, काखा, जांघा, कधी बोटांच्या सांध्यांवरही. यात मळ नाही, आणि रंगद्रव्याचा भागही तसा थोडाच असतो. त्वचेचा वरचा थर जाड होऊन त्याला बारीक घड्या पडतात आणि घड्यांमुळे ती जागा गडद दिसते, चुण्या पडलेलं कापड दिसतं तशी.

हे का होतं, ते समजून घ्या, कारण तुमच्या 'खाण्याचा संबंध आहे का' या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. खाल्लेल्या अन्नातली साखर पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. पोटाभोवती चरबी वाढली की स्नायू आणि यकृत त्या इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओततं आणि साखर कशीबशी आटोक्यात ठेवतं. लॅबच्या रिपोर्टात साखर नॉर्मल येते, घरचे निर्धास्त होतात. पण रक्तात फिरणारं ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींवर वाढीचे जे दुसरे दरवाजे असतात, तेही ठोठावतं. पेशी वाढायला लागतात. मान काळी होते, चामखिळी येतात. साखरेचा रिपोर्ट बिघडायच्या काही वर्षं आधी मान बोलायला लागते, ती अशी. म्हणून कुणी निव्वळ 'मान गोरी करायचं क्रीम द्या' म्हणत आलं की मी आधी वजनकाटा आणि टेप काढते. काहींना राग येतो. येऊ दे.

इंटरनेटवर हे नाव शोधलंत तर पहिल्याच पानावर कर्करोग दिसेल आणि तुमची झोप उडेल, म्हणून आत्ताच सांगते. १८९० साली या विकाराची पहिली वर्णनं झाली तेव्हापासून पोटाच्या कर्करोगाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पण तो प्रकार निराळा: चाळिशी-पन्नाशी उलटलेला माणूस, काही आठवड्यांत झपाट्याने पसरलेला काळेपणा, तळहात आणि तोंडाच्या आतली त्वचाही खरखरीत, आणि वजन वाढण्याऐवजी उतरत चाललेलं. असं कुणी घरात असेल तर त्याने एक दिवसही थांबू नये. वजन वाढत असलेल्या १४ वर्षांच्या मुलीत मी त्या दिशेने विचारही करणार नाही.

"पण डॉक्टर, आमच्यात कुणी तसं जाड नाही, तरी माना काळ्या आहेत," हेही नेहमी ऐकते. याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी जॉन यूडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर सडपातळ, आतून गुबगुबीत, अशी आपली ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी. हे आकडे मोठ्यांचे. मुलांसाठी सोपा हिशेब असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुमच्या मुलीची उंची साधारण १५५ सेंटिमीटर, म्हणजे कंबर ७७ च्या आत. बेंबीच्या पातळीवर टेप लावून मोजा, पोट आत न ओढता.

इथे जरा आडवळणाने जाते. आम्ही शिकत असताना काळ्या मानेचं दुसरंच चित्र पुस्तकात ठळक असायचं: पेलाग्रा. स्पेनमध्ये गास्पार कासाल नावाच्या वैद्याने १७३५ साली मका खाऊन जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला. गळ्याभोवती उमटणाऱ्या पट्ट्याला आजही 'कासालचा हार' म्हणतात. आपल्या दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसायचा. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतल्या ल्युसिन या प्रथिनाच्या घटकाशी त्याचा संबंध मांडला. ताटात नुसती भाकरी, डाळ नाही, दूध नाही, मांस नाही, आणि नायसिन हे जीवनसत्त्व अपुरं. त्या मानेला उन्हाने आग होते, कड स्पष्ट असते, त्वचा भेगाळून निघते, जोडीला जुलाब आणि भ्रम. उपासमारीने मान काळी व्हायची तो हाच प्रदेश, आणि आज जास्तीच्या खाण्याने काळी झालेल्या माना त्याच तालुक्यांतून माझ्याकडे येतात. पेलाग्रा पुरता गेलेला नाही. दारूपायी जेवण सुटलेल्या माणसांत, क्वचित क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्यांत अजून दिसतो. (आणि ज्वारीची धास्ती घेऊ नका. आपल्या लोकांनी भाकरीला जोड दिली ती शेंगाचटणीची, आणि शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं.)

आता मानेवरच्या त्या बारीक चामखिळी. मऊ, देठाच्या, त्वचेच्याच रंगाच्या असतील तर त्या विषाणूमुळे येणाऱ्या खरखरीत चामखिळी नव्हेत. त्या पसरत नाहीत, लागत नाहीत. वाढीचं कारण मघाचंच, इन्सुलिन आणि घर्षण. घोड्याच्या केसाने बांधून टाकणं, चुन्याने जाळणं हे करू नका. पिकून आलेल्या बऱ्याच पाहिल्यात. दवाखान्यात पाच मिनिटांत निघतात. पण इन्सुलिन तसंच राहिलं तर नव्या येतात.

मांड्यांमधल्या खाजेवर मात्र मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या पूर्ण पत्रात मला सर्वांत जास्त काळजी त्या ट्यूबची वाटली.

वजन वाढलं की त्वचेवर त्वचा टेकते: जांघेत, छातीखाली, पोटाच्या घडीत. तिथे घाम वाळत नाही, घासलं जातं, त्वचा भिजून पांढुरकी होते आणि फाटते. नुसतं एवढंच असेल तर लालसर, चुरचुरणारा पट्टा दिसतो. त्यात कँडिडा ही बुरशी शिरली तर लाल भागाच्या बाहेर बारीक बारीक पुटकुळ्या विखुरतात. आणि गोल, कडेने उठलेला, मधून निवळत जाणारा, रात्री जीव नकोसा करणारा चट्टा असेल तर तो गजकर्ण, म्हणजे नायटा. तिन्हींवर औषध वेगळं. मेडिकलवाला तिन्हींना एकच ट्यूब देतो, जिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरकस स्टेरॉइड असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. बुरशी मात्र आत निवांत पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते, मग दुसरी ट्यूब. सहा महिन्यांनी जांघेत रुंद, लाल-जांभळे चरे पडलेले असतात. हे चरे कायमचे. ते मी घालवून देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही.

त्यात गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडचं गजकर्ण हट्टी झालंय. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं या नव्या बुरशीचं बारसं २०२० मध्ये झालं. नावातच भारत आहे, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो किती पाळला जातो ते तुमच्या हातातली ट्यूबच सांगतेय. तिच्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडचं नाव, लिहिलंय का बघा. असेल तर जांघेत पुन्हा लावू नका आणि ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा. लाजून मुलगी दाखवत नाही, हे मला ठाऊक आहे. लेडी डॉक्टर शोधा, पण दाखवा.

घरात करायचं ते सोपं आहे आणि कंटाळवाणं. अंघोळीनंतर घड्या टिपून कोरड्या करायच्या, चोळून नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, उन्हात वाळवलेला. शाळेतून आल्यावर घामाचे कपडे लगेच बदलायचे. घट्ट जीन्सऐवजी सैल सुती कपडे. मांड्या एकमेकींना घासत असतील तर आतून गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी. घरातल्या पुरुषांपैकी कुणाला गजकर्ण असेल आणि कमरेला करगोटा असेल, तर तो काढायला लावा. बुरशी त्या दोऱ्यात घर करते, आणि औषध संपलं की तिथूनच परत सुरुवात होते. इथे घरोघरी वाद होतात. मी सांगते, बरं झाल्यावर नवा बांधा.

वजनाबरोबर येणाऱ्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, सगळ्या तुमच्या मुलीला लागू नाहीत. काखेत किंवा जांघेत पुन्हा पुन्हा त्याच जागी गळवं होत असतील, फुटून जुनी भोकं राहत असतील, तर त्याला काखमांजरी म्हणून सोडू नये. हायड्राडेनायटिस नावाचा चिवट आजार असू शकतो, आणि वजन व सिगारेट दोन्ही त्याला चिथावतात. सोरायसिस असलेल्याचं वजन वाढलं तर चट्टे वाढतात आणि औषधं कमी लागू पडतात, कारण चरबी नुसती साठून राहत नाही, दाह वाढवणारी रसायनं सोडत असते. टाचेच्या कडेने घोड्याच्या नालेसारखी जाड कातडी आणि भेगा येतात, त्या वजन पेलून. पायांना सूज, घोट्याच्या वर तपकिरी काळपट डाग, खाज, मग न भरणारी जखम, हा प्रवास शिरांमधल्या तुंबलेल्या रक्ताचा. पापण्यांवर आतल्या कोपऱ्यात पिवळसर चकती दिसली तर कोलेस्टेरॉल तपासा. ते नॉर्मलही निघू शकतं. पुरुषांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर: लिंगाच्या पुढच्या त्वचेला चिरा पडून ती मागे सरेनाशी झाली, वर पांढरट थर दिसला, तर मलम मागण्याआधी साखर तपासा. मधुमेहाची पहिली बातमी मी कित्येकांना याच तक्रारीवरून दिलीय.

आता ताटाबद्दल. 'उष्ण पडलं' म्हणून सगळ्याचं खापर आंबा, शेंगदाणे आणि वांग्यावर फोडायची आपली सवय आहे. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड उठतं, असं अजून सुशिक्षित घरांतही मानतात. त्याला काही आधार नाही. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, त्याने गार वाटतं, लावा खुशाल. पण महिनोन् महिने रोज गांधी उठत असतील तर कारण क्वचितच जेवणात सापडतं. तेव्हा एकेक पदार्थ बंद करत मुलांना उपाशी ठेवू नका. मुरुमांच्या बाबतीत मात्र जेवणाचा हात नक्की आहे. साखर आणि मैदा झपाट्याने रक्तात उतरवणारं खाणं, म्हणजे कोल्ड्रिंक, बिस्किटं, पाव, आणि जिमवाल्या पोरांची व्हे प्रोटीनची पावडर, यांनी मुरुम वाढतात. पावडर सोडल्यावर दोन-तीन महिन्यांत पाठ निवळलेली मुलं मी पाहिली आहेत. तेलकट खाल्लं म्हणून चेहरा तेलकट होतो, हे मात्र तसं नाही.

तुमच्या मुलीसाठी 'डाएट' हा शब्द घरात काढूही नका. १४ हे वाढीचं वय आहे. तिला एकटीला वाटीभर सूप आणि भावाला वडापाव, हे चालणार नाही. बदलायचं तर घराचंच ताट बदला. मी सहसा द्रवापासून सुरू करते: कोल्ड्रिंक, पाकिटातले ज्यूस, साखरेचा दोन-तीनदा होणारा चहा. मग चहासोबतचे टोस्ट, खारी, बिस्किटं. त्या जागी फुटाणे, उकडलेल्या शेंगा, अंडं, मोड आलेली मटकी. ताटात आधी कोशिंबीर आणि डाळ-उसळ, मग भाकरी-पोळी, भात शेवटी आणि थोडा. भाकरी पौष्टिक म्हणून चार खाल्ल्या तर तेही पिष्टच, हे लक्षात ठेवा. रोज तासभर घाम येईल असं खेळणं. दहावीचं वर्ष येतंय म्हणून खेळ बंद करणारे आई-बाप दिसले की माझा आवाज चढतो.

उपाशी राहून महिन्यात आठ किलो उतरवायचा नाद केला तर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. शिवाय शाकाहारी घर असेल तर बी-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही बोटांचे सांधे काळे पडतात, आणि इन्सुलिनच्या काळेपणाशी त्याची गल्लत होते. पुढे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू झालं तर त्याने बी-१२ आणखी उतरू शकतं, म्हणून आधीचा आकडा हाताशी असलेला बरा.

तपासण्या थोड्याच लागतील: उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, थायरॉइड, यकृताची एन्झाइम्स, हिमोग्लोबिन, बी-१२. रक्तदाबही मोजून घ्या, मुलांचा कुणी मोजतच नाही. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आला तर मधुमेहाचा उंबरठा, ६.५ किंवा वर आला तर बालरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञांकडे लगेच. नुसतं इन्सुलिन मोजायची महागडी तपासणी मी सहसा सांगत नाही. मान पाहिल्यावर ते वाढलेलं असणार, हे दिसतंच. पाळीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं ती मागेपुढे होतेच, तेवढ्यावरून पीसीओएसचा, म्हणजे बीजांडकोश आणि हार्मोनच्या बिघाडाचा, शिक्का मारून घेऊ नका. पण त्यानंतरही तीन-तीन महिने चुकत असेल, हनुवटीवर राठ केस आणि न हटणारे मुरुम असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि क्रीम? आहेत. युरिया किंवा लॅक्टिक अॅसिडचं मलम जाडसरपणा कमी करतं, ट्रेटिनॉइन रात्री अगदी पातळ लावायला मी देते, त्याने थोडी आग होते आणि ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच लावायचं. 'फेअरनेस' लिहिलेलं काहीही नको. मलमाने मान काही छटा उजळते, पण आतलं इन्सुलिन उतरलं नाही तर मलम सोडल्यावर परत तिथेच. वजन पाच ते दहा टक्के जरी उतरलं, तरी फरक दिसायला लागतो. वाढत्या वयात तर नेहमी वजन उतरवावंही लागत नाही, ते तिथेच थांबलं आणि उंची वाढली तरी काम होतं. वेळ मात्र लागतो: मखमलीपणा आधी जातो, रंग सावकाश, सहा महिने ते वर्ष धरून चाला. रोज आरशात पाहून काही कळणार नाही. आज सकाळी खिडकीपाशी उभं करून मानेचा एक फोटो काढून ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी दुसरा. येताना ते फोटो आणि ती ट्यूब, दोन्ही घेऊन या.